मायफळ हे फळ नव्हे



सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन संयोजक माझ्याकडे आले, तेव्हा विषय मी निवडीन एवढी एकच अट मी घातली. मी जन्मभर मराठी शिकवले. तेव्हा संतवाङ्मय, फार तर मराठी गद्याची जडणघडण, असा काहीसा विषय त्यांनी मनाशी धरला असावा. मी कागदावर लिहून दिले, 'झाडांच्या पानांवरील गाठी'. संयोजकांनी तो कागद दोनदा वाचला. नंतर अतिशय नम्रपणे त्यांनी विचारले, "सर, हे काही रूपक आहे का?"

हे रूपक नाही. मी खरोखरच गाठींविषयी बोलणार आहे. पाने चाळताना आपल्या बोटांना लागणारे ते फोड, ते उंचवटे, त्या लहान लहान गोळ्या कशा होतात आणि त्या कोण घडवते, हाच माझा विषय आहे. वनस्पतिशास्त्राचा मला अधिकार नाही. जे थोडे कळते ते सरांच्या सहवासात आणि पुढे त्यांनी लावलेल्या गोडीमुळे केलेल्या वाचनातून. परंतु या विषयात माझ्याकडे सरांचे एक देणे राहिले आहे. ते फेडण्यास याहून योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

ती हकिकत आधी सांगतो. मी महाविद्यालयात अध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि आमच्या घरी मुलीचा जन्म झाला होता. सर या शाळेत विज्ञान शिकवीत आणि आमच्या शेजारच्या गल्लीत राहात. बारशाच्या दुसऱ्या दिवशी ते सवडीने बाळाला पाहायला आले, तेव्हा माझी आई सहाणेवर बाळगुटी उगाळीत बसली होती. समोर ताटलीत हळकुंड, सुंठ, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ आणि मायफळ मांडलेले. कशाचे किती वेढे घ्यायचे हे तिच्या हाताला पाठ होते. सरांनी ताटलीतले मायफळ उचलले, उजेडात फिरवून पाहिले आणि मला विचारले, "काय प्राध्यापक, हे कोणत्या झाडाचे फळ?"

झाड मला ठाऊक नव्हते. पण ठाऊक नाही असे म्हणण्याचे ते वय नव्हते. मी शब्दाच्या आधारे उत्तर दिले. म्हटले, "माय म्हणजे आई. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या उपयोगी पडते, म्हणून ते मायेचे फळ, मायफळ." आईला ही व्युत्पत्ती फार आवडली. सर नुसते हसले आणि म्हणाले, "काकू, अडकित्ता देता का?"

त्यांनी ते मायफळ अडकित्त्यात धरून फोडले. आत बी नव्हते. मध्यभागी एक लहानशी पोकळी होती आणि तिच्यात मुंगीएवढा, वाळून कोळ झालेला, पंख असलेला एक कीटक होता. सरांनी तो कागदावर काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "या फळाची बी ही."

आई म्हणाली, "अगोबाई! इतकी वर्षे आम्ही किडा उगाळतोय की काय?" सर म्हणाले, "किडा नव्हे काकू, किड्याचे घर. तेही किड्याने बांधलेले नाही. झाडाने बांधून दिलेले."

त्या एका वाक्याने मला त्या दिवशी निरुत्तर केले. आज मी जे काही सांगणार आहे, ते त्याच वाक्याचे विवरण आहे.

मायफळ ज्या झाडावर येते ते ओकच्या कुळातील एक बुटके झाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'क्वेर्कस इन्फेक्टोरिया'. ते आपल्याकडे होत नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराण या प्रदेशांत होते. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण आकाराने अगदी लहान अशी एक माशी या झाडाच्या कोवळ्या अंकुरात अंडे घालते. अंड्यातून अळी निघते आणि तिच्याभोवती झाडाच्या पेशी भराभर वाढू लागतात. होता होता बोराएवढी टणक गोळी तयार होते. अळी आतच वाढते, आतच तिचे रूपांतर होते, आणि पंख फुटले की ती भिंत पोखरून बाहेर पडते. ज्या मायफळाला बारीक छिद्र असते त्यातला पाहुणा निघून गेलेला असतो. ज्याला छिद्र नसते त्यात तो अजून असतो. व्यापारी बिनछिद्राचे, निळसर-हिरवट मायफळ अधिक मोलाचे मानत. कारण माशी निघून जाण्यापूर्वी तोडलेल्या गाठीत तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, भरपूर असते.

याच टॅनिनमुळे मायफळाचा आम्हा अक्षरजीवींशीही संबंध येतो. मायफळाचा अर्क, हिराकस आणि डिंक यांच्या मिश्रणातून एक शाई होते. लिहिताना ती फिकट दिसते आणि हवा लागली की काळी होते. युरोपात मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत लिखाणाची मुख्य शाई हीच होती. आपल्याकडील जुन्या पोथ्या बहुधा काजळीच्या शाईने लिहिलेल्या आहेत. परंतु पश्चिमेकडील शेकडो वर्षांचे करार, पत्रे, संगीताच्या वह्या एका माशीच्या अळीभोवती वाढलेल्या गाठीच्या रसाने लिहिल्या गेल्या. पुढे त्याच शाईने कित्येक ठिकाणी कागद खाल्ला, ही गोष्ट वेगळी.

मायफळ परदेशचे म्हणून आपण सुटलो असे मात्र नाही. च्यवनप्राशात घालतात ती काकडशिंगी हीदेखील गाठच. पश्चिम हिमालयात पिस्त्याच्या कुळातील एक वृक्ष आहे. त्याच्या पानांवर मावा जातीचा एक कीटक वस्तीला येतो आणि पानांची पोकळ, वाकडी, शिंगासारखी वाढ होते. संस्कृतात तिचे नाव कर्कटशृंगी. ज्याने ते ठेवले त्याला ती खेकड्याच्या नांगीसारखी दिसली. एका गाठीला आपण फळ म्हटले, दुसरीला शिंग म्हटले. दोन्ही नावे डोळ्यांना जे दिसले त्यावरून पडली, आणि आत काय आहे हे दोन्हींत आले नाही.

या दोन वस्तू आपण दुकानातून आणतो. झाडावरची गाठ पाहायची तर मात्र फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या शहराचे नावच वटवृक्षावरून पडलेले, आणि वडाचा भाऊबंद जो उंबर, तोही आपल्या अवतीभवती आहे. उंबराची पाने कधी निरखून पाहा. कित्येक पानांवर फोड आल्यासारख्या गाठी दिसतात. प्रथम हिरव्या, पुढे तांबूस-तपकिरी, कधी दोन-चार एकमेकींत मिसळलेल्या. पुष्कळांना तो झाडाचा रोग वाटतो. सयाजीबागेत फिरताना सरांनी मला अशी एक गाठ ब्लेडने कापून दाखवली होती. आत एक पिवळट, चपटे पिल्लू होते. ते 'सायलिड' या नावाच्या, उडी मारणाऱ्या, रस शोषणाऱ्या कीटकाचे होते. या जातीला शास्त्रज्ञ 'पॉरोप्सायला डिप्रेसा' म्हणतात. मादी कोवळ्या पानावर अंडी घालते. पिल्लू सुईसारखी सोंड पानात खुपसून रस पिऊ लागते, आणि त्याच्या भोवतीचे पान हळूहळू उचलले जाऊन त्याला वेढून घेते. पिल्लू आत कात टाकत वाढते. यथाकाल गाठ उकलते आणि आतला कीटक उडून जातो. रस्त्याकडेच्या सप्तपर्णीच्या पानांवर दाटीने दिसणाऱ्या गाठीही याच प्रकारच्या कीटकांच्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पक्षी काड्या आणून घरटे बांधतो, कुंभारीण माती आणून घर लिंपते, कोळी स्वतःच्या शरीरातून धागा काढतो. गाठीतला कीटक यांतले काहीही करीत नाही. तो काडी आणीत नाही की माती कालवीत नाही. झाड स्वतःच्या पेशींनी, स्वतःच्या अन्नाने, स्वतःच्या हातांनी म्हणा, ते घर उभारते. आणि काय घर ते! ओकवरील गाठींचा छेद घेतला तर त्यात ठरीव रचना दिसते. अगदी आत, अळीच्या तोंडाशी, पोषक पेशींचा मऊ थर. त्याभोवती कठीण भिंत. बाहेर तुरट द्रव्याने भरलेले आवरण, की कोणी सहज खाऊ नये. आत राहणारी अळीही अशी की, वाढ पुरी होईपर्यंत ती विष्ठा टाकीत नाही, म्हणून तिची खोली स्वच्छ राहते.

शिवाय प्रत्येक जातीच्या कीटकाची गाठ वेगळी. एकाच झाडावर, एकाच पानावर, दोन जातींचे कीटक शेजारी शेजारी असले तर एकाची गाठ वाटोळी, तर दुसऱ्याची बशीसारखी होते. झाड तेच, पान तेच, रस तोच. आकार मात्र कीटकागणिक बदलतो. जाणकार माणूस आतला कीटक न पाहता नुसत्या गाठीवरून त्याची जात सांगू शकतो. आपण अक्षरावरून लिहिणारा ओळखावा तसे हे आहे. मग ही गाठ म्हणायची कोणाची? झाडाच्या पेशींची म्हणून झाडाची, की कीटकाच्या मर्जीने घडली म्हणून कीटकाची? रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८२ साली 'द एक्स्टेंडेड फेनोटाइप' हे पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले की, प्राण्याच्या जनुकांचा प्रभाव त्याच्या कातडीपाशी संपत नाही. तो दुसऱ्याच्या देहावरही उमटू शकतो. पानावरची गाठ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

असा उद्योग करणारे कीटक थोडेथोडके नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात गाठी घडवणाऱ्या कीटकांच्या जाती २१ हजारांपासून २ लाख ११ हजारांपर्यंत असाव्यात. मध्यम आकडा सुमारे १ लाख ३३ हजार. त्यांत माश्या आहेत, मावा आहे, फुलकिडे आहेत, काही भुंगे आणि पतंगही आहेत. करंजाच्या पानावर दिसणारे बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे कीटकांचेही नव्हेत. ते कोळ्यांच्या वर्गातील अतिसूक्ष्म जीवांचे. आपल्या देशात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत एम. एस. मणी यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा 'इकॉलॉजी ऑफ प्लांट गॉल्स' हा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर मान्यता पावला. फुलकिड्यांच्या गाठींवर मद्रासच्या टी. एन. अनंतकृष्णन यांनी आयुष्य वेचले. आमच्या विद्यार्थ्यांना ही नावे क्वचितच माहीत असतात, म्हणून मुद्दाम सांगितली.

सगळ्याच गाठी निरुपद्रवी असतात असे नव्हे. भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला गादमाशी विचारा. तिची अळी भाताच्या वाढत्या कोंबाशी पोहोचते आणि त्या कोंबाची कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी होते. त्या कोंबाला लोंबी धरत नाही. पाहणाऱ्याला ते नवल. पण ज्याचे शेत आहे त्याच्या घरात तेवढे धान्य कमी येते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कीटक झाडाकडून हे काम करून घेतो तरी कसे?

या प्रश्नाच्या इतिहासात एक मोठी बोधप्रद चूक आहे. इटलीतील फ्रान्चेस्को रेडी याने १६६८ साली मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवून, काही झाकून, काही उघडे ठेवून, दाखवून दिले की मांसातून आपोआप अळ्या होत नाहीत. माश्यांनी अंडी घातली तरच होतात. केवढा मोठा प्रयोग! परंतु हाच रेडी जेव्हा झाडावरच्या गाठींकडे वळला तेव्हा त्याने मानले की, त्यांतले कीटक झाडाची जीवनशक्तीच निर्माण करते. अकरा वर्षांनी, १६७९ साली, त्याचाच देशबांधव मार्चेल्लो माल्पीगी याने गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि कीटक झाडात अंडे घालतो, त्यामुळेच गाठ होते, हे निरीक्षणाने दाखवले. रेडीची ही चूक सरांना विशेष प्रिय होती. ते म्हणत, "मांसाच्या बाबतीत त्याने पाहिले, गाठीच्या बाबतीत त्याने मानले. माणूस तोच, फरक तेवढाच."

माल्पीगीला वाटले की, अंडे घालताना मादी काही विखारी द्रव सोडते आणि त्याने झाड सुजते. हे अर्धे खरे ठरले. रासायनिक संदेश असतो हे खरे. परंतु तो नुसता सूज आणणारा नसतो, आणि बहुतेक ठिकाणी तो एकदाच देऊन भागत नाही. वाढत्या गाठीतली अळी मारली तर गाठीची वाढ थांबते. अळी जोपर्यंत आत आहे आणि खात आहे, तोपर्यंतच बांधकाम चालू राहते. जिवाणूंमुळे होणाऱ्या काही गाठींचा प्रकार निराळा आहे. तेथे जिवाणू स्वतःच्या जनुकांचा एक तुकडाच झाडाच्या पेशीत घालतो, हे १९७७ साली सिद्ध झाले. म्हणून पुढे जिवाणू मेला तरी ती गाठ वाढतच राहते. कीटक मात्र सतत हजर राहून काम करवून घेतो.

झाडाच्या वाढीचे नियमन करणारी द्रव्ये असतात. ऑक्झिन आणि सायटोकायनिन ही त्यांतली प्रमुख. पेशींनी कोठे विभागायचे, कोठे फुगायचे, हे या द्रव्यांच्या प्रमाणावर ठरते. विलो वृक्षाच्या पानांवर गाठी करणाऱ्या एका कीटकाच्या अळ्या स्वतःच्या शरीरात ऑक्झिन तयार करू शकतात, असे २०१२ साली दिसून आले. म्हणजे झाड ज्या भाषेत स्वतःशी बोलते, तिच्यातले शब्द कीटकालाही उच्चारता येतात. पण नुसत्या त्या शब्दांनी गाठीची नेमकी घडण होत नाही. ऑक्झिन टोचून पानाला सूज आणता येते, तीन थरांचे घर आणता येत नाही.

त्यापुढचे पाऊल २०२१ साली पडले. अमेरिकेत 'विच हेझल' नावाच्या झुडपाच्या पानांवर मावा जातीचा एक कीटक शंकूसारख्या गाठी करतो. काही गाठी लाल, काही हिरव्या. संशोधकांनी कीटकाच्या जनुकांचा शोध घेतला तेव्हा गाठीचा रंग कीटकाच्या एका जनुकाशी निगडित असल्याचे आढळले. पान झाडाचे, रंगद्रव्य झाडाचे, आणि लाल की हिरवे याचा निर्णय मात्र पाहुण्याच्या जनुकात! त्या एका जनुकाच्या मागोमाग त्याच कुळातील शेकडो जनुके सापडली. गाठ सुरू करणाऱ्या पिढीच्या लाळग्रंथींत ती कार्यरत असतात आणि त्यांच्यापासून पूर्वी अज्ञात असलेली प्रथिने तयार होतात. ती झाडाच्या पेशीत नेमके काय करतात, याचा शोध आता चालू आहे.

हे वाचले तेव्हा सर हयात नव्हते. त्यांच्याकडे धावत जाऊन सांगावे असे फार वाटले. आणि त्याहूनही अधिक वाटले ते २०१९ सालच्या एका शोधाविषयी.

द्राक्षवेलीच्या पानांवर गाठी करणारा फायलोक्सेरा नावाचा कीटक आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील द्राक्षमळे याच्यामुळेच उद्ध्वस्त झाले. त्याच्या गाठींत वेलीची कोणती जनुके जागी होतात हे तपासले गेले. पानात एरवी निद्रिस्त असणारी, फूल घडवणारी जनुके तेथे जागी झालेली आढळली. विशेषतः किंजदलाच्या घडणीची, म्हणजे फुलाच्या ज्या भागाचे पुढे फळ होते त्याची. कीटकाने झाडाला नवे काही शिकवले नव्हते. झाडाला जे फुलाच्या जागी करता येते, ते त्याने पानाच्या जागी करवून घेतले होते. फुलाचे सर्व अवयव ही पानाचीच रूपांतरे होत, असे महाकवी ग्योटे याने १७९० साली लिहून ठेवले आहे. वाङ्मयाच्या माणसाला यापरते समाधान कोणते?

मित्रहो, हे वाचून मी काही क्षण मनाशी म्हणालो, म्हणजे गाठीला फळ म्हणणारे आपले पूर्वज अगदीच चुकले नव्हते तर! मायफळातले 'फळ' काही अंशी खरे निघाले! पण लगेच सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ते म्हणाले असते, "प्राध्यापक, एक तर ही द्राक्षाच्या पानावरची गाठ, ओकच्या अंकुरावरची नव्हे. दुसरे असे की, ज्यांनी फळ म्हटले त्यांनी आकार पाहिला होता, जनुके नव्हेत. नेम न धरता मारलेला दगड फळाला लागला, तर त्याला नेमबाजी म्हणत नाहीत." म्हणून तो आनंद मी आवरता घेतला.

येथेच मी माझ्या देण्याकडे येतो. अडकित्त्याच्या त्या प्रसंगानंतर शहाणे व्हावे की नाही? मी झालो नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी एका दिवाळी अंकासाठी घरगुती शब्दांवर लेख लिहिला आणि त्यात 'माय' अधिक 'फळ' ही व्युत्पत्ती ऐटीत छापून आणली. वस्तू फळ नसेल, पण शब्द तर माझ्या हातचा आहे, असा माझा समज. सरांनी लेख वाचला. एका संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, "ही वस्तू इराण-सीरियाकडून येते. मग तिचे नाव तरी आपल्याकडचे कशावरून?" एवढे बोलून, चहा घेऊन ते निघून गेले.

मी कोश काढले. फारसीत या गाठीचे नाव 'माजू' आहे. हिंदीभाषक तिला 'माजूफल' म्हणतात. उत्तरकालीन संस्कृतात 'मायाफल' असाही शब्द येतो. या मालिकेकडे पाहता उघड दिसते की, वस्तू आली तेव्हा तिचे नावही व्यापाऱ्याच्या गोणीतून बरोबर आले, आणि ओळखीचा अर्थ शोधणाऱ्या आपल्या जिभेने 'माजू'ची 'माय' केली. म्हणजे शब्दाच्या बाबतीतही मी आत काय आहे ते न पाहता बाहेरून दिसले ते सांगितले होते. अडकित्ता शब्दालाही लावावा लागतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाने मराठीच्या प्राध्यापकाला शिकवले. दुरुस्तीचे पत्र मी त्या संपादकांना लिहायला हवे होते. ते लिहिले नाही. आज लिहू, उद्या लिहू, असे करता करता तो अंक बंद पडला. सरांनी पुन्हा कधी विचारले नाही आणि मीही विषय काढला नाही. त्यांच्या अखेरच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. तेव्हाही हवापाण्याच्याच गोष्टी केल्या.

ती दुरुस्ती आज या व्यासपीठावरून करतो आणि ती या पुस्तिकेत छापली जावी अशी विनंती करतो. मायफळ हे फळ नव्हे, आणि त्यातली माय ही आई नव्हे.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. पुन्हा उंबराकडे जाऊ. ज्या उंबराच्या पानांवर सायलिडच्या गाठी असतात, त्याच उंबराच्या फळातही कीटक असतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. उंबराचे फूल दिसत नाही असे आपण म्हणतो. ती फुले त्या 'फळा'च्या आत, शेकडोंनी असतात. सूक्ष्म गांधीलमाशीची मादी वरच्या अरुंद वाटेने आत शिरते. शिरताना तिचे पंख गळून पडतात. ती बरोबर आणलेले पराग फुलांना देते आणि काही फुलांत अंडी घालते. ज्या फुलात अंडे, त्या फुलाची होते लहानशी गाठ. इतर फुलांत धरते बी. पुढे बिनपंखी नर आधी निघतात, माद्यांशी त्यांचे मीलन होते, ते बाहेर पडण्यास वाट पोखरतात, आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. या माशीवाचून उंबराला बी नाही आणि उंबरावाचून माशीला घर नाही.

झाड एकच. पानावरचा पाहुणा घर घेतो, रस घेतो आणि काही न देता जातो. फळातला पाहुणाही गाठच करवून घेतो, पण झाडाचा वंश चालवून जातो. आम्ही मराठी माणसे पिढ्यान्पिढ्या या गुजराती भूमीत राहिलो, वाढलो. तेव्हा या दोन पाहुण्यांची उपमा आपल्यालाच लावून पाहण्याचा मोह मला अनावर होतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. मी ती लावणार नाही. सर म्हणत, "आधी पाहा, मग उपमा द्या, आणि पाहून झाल्यावर तिची गरज उरली नाही तर देऊ नका." माणसे कीटक नव्हेत. आपण येथे काय घेतले आणि काय दिले, याचा हिशेब आपण आपल्याच शब्दांत मांडला पाहिजे. ही शाळा हे त्या हिशेबातले एक जमेचे पान आहे, एवढेच म्हणतो.

विद्यार्थी मित्रांनो, घरी जाताना वाटेत उंबर दिसला तर खाली पडलेले एखादे पान उचला. झाडावरचे तोडू नका. गाठ असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली ती कापून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंग आहे. ते मागून घ्या. आत कोणी असेल, किंवा नुकतेच कोणी निघून गेलेले असेल. कधी ज्याचे घर त्याच्याऐवजी त्याला खाणारा दुसराच कीटक आत सापडेल. तसेही पुष्कळदा होते. जे दिसेल ते वहीत लिहा आणि तारीख घाला. नाव मागाहून विचारा. नाव सांगणारे पुष्कळ भेटतात; आमच्यासारखे तर विचारण्यापूर्वीच सांगतात.